रॅले प्रकीर्णनाने प्रोपेन जेटचं मिश्रण मोजताना: पट्टे, पांढरे ठिपके आणि शून्यावर न येणारी हवा

नोझल_५मिमी

नमस्कार. प्रोपेनचा झोत हवेत कसा मिसळतो हे लेझर शीट (पातळ पात्यासारखा पसरवलेला किरण) आणि रॅले प्रकीर्णन (वायूच्या रेणूंनी विखुरलेला प्रकाश) वापरून मोजायचं आहे. ज्वलन नाही, निव्वळ मिश्रण.

लेझर एनडी-याग, ५३२ नॅनोमीटर, पल्समागे ३०० मिलिज्यूल, १० हर्ट्झ. शीटची उंची ४० मिलिमीटर, जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास. नोझल म्हणजे ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची, २५० मिलिमीटर लांब सरळ नळी, तोंड वर. प्रोपेनचा वेग १० मीटर प्रति सेकंद, रेनॉल्ड्स अंक साधारण ११,०००. भोवती २०० बाय २०० मिलिमीटरच्या, ५०० मिलिमीटर उंच काचेच्या पेटीतून ०.३ मीटर प्रति सेकंदाने हवा वर जाते. कॅमेरा एससीमॉस, ६.५ मायक्रॉन पिक्सेल, ८५ मिलिमीटर एफ/१.४ लेन्स, विशालन ०.२, बिनिंग ३ बाय ३ (नऊ पिक्सेल मिळून एक). लेन्सपुढे ५३२ चा बँडपास फिल्टर.

हिशोब असा करतो: सकाळी नुसत्या हवेच्या ५०० फ्रेम घेऊन सरासरी काढतो. जेटच्या प्रत्येक फ्रेमला त्या सरासरीने भागतो, १ वजा करतो आणि १२.५ ने भागतो, कारण प्रोपेनचं प्रकीर्णन हवेच्या १३.५ पट धरलं आहे. कॅमेऱ्याचा डार्क (लेझर नसतानाचा सिग्नल) वजा होतो, बाकी काही नाही.

अडचणी चार आहेत. नोझलच्या तोंडाशी मोल-अंश (एकूण रेणूंमधला प्रोपेनचा वाटा) १ यायला हवा, तो ०.९१ येतो. चित्राच्या कडेला, अक्षापासून ३० मिलिमीटरवर, जिथे फक्त हवा असायला हवी तिथे ०.००५ ते ०.०१ दिसतो आणि दुपारपर्यंत वाढत जातो. आडवे पट्टे पडतात, दर फ्रेमला वेगळे. आणि प्रत्येक फ्रेममध्ये तीस-चाळीस लखलखीत ठिपके असतात.

प्रश्न: जास्त ऊर्जेचा लेझर लागेल का? की इंटेन्सिफायर (कॅमेऱ्यापुढचा प्रकाशवर्धक) लावू?

प्रकाशमापक

दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती कदाचित मापनातली चूक नसेलच. प्रोपेनची खालची स्फोटमर्यादा हवेत २.१ टक्के आहे. ०.०१ म्हणजे १ टक्का, मर्यादेच्या जवळजवळ निम्मं. तुमचा कॅमेरा खरंच तेवढा प्रोपेन दाखवत असेल तर लेन्स आणि फिल्टरची चर्चा नंतर.

हिशोब करून बघा. ५ मिलिमीटर नळीतून १० मीटर वेगाने मिनिटाला ११.८ लिटर प्रोपेन बाहेर पडतो. तुमचा को-फ्लो, म्हणजे झोताभोवतीची हवा, मिनिटाला ७२० लिटर. दोन्ही पूर्ण मिसळले तरी पेटीच्या तोंडाशी १.६ टक्के होतात. हे मिश्रण खोलीत सुटत असेल आणि ब्लोअर तीच खोलीतली हवा ओढत असेल, तर दुपारपर्यंत आकडा चढणारच. एक्झॉस्टमधलं मिश्रण ०.५ टक्क्यांच्या खाली ठेवायचं असेल तर मिनिटाला किमान २,४०० लिटर, म्हणजे ताशी १४० घनमीटरच्या वर, हवा ओढली गेली पाहिजे, आणि ती इमारतीबाहेर गेली पाहिजे. पंख्याची मोटर फ्लेमप्रूफ हवी किंवा प्रवाहाबाहेर हवी. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, म्हणून गॅस डिटेक्टर जमिनीलगत लावा, छताला नाही. डिटेक्टरने इशारा दिला की प्रोपेनचा सोलेनॉइड (विजेवरची झडप) आणि लेझरचा क्यू-स्विच (पल्स सोडणारा भाग) दोन्ही आपोआप बंद झाले पाहिजेत.

चाचणी सोपी आहे. प्रोपेन बंद करा, को-फ्लो आणि लेझर चालू ठेवा, कडेचा आकडा दोन-तीन मिनिटं बघा. उतरला तर तो गॅस होता. जिथल्या तिथे राहिला तर तो प्रकाशाचा प्रश्न.

आता ०.९१. हे बॅकग्राउंड आहे, आणि किती आहे तेही तुमच्याच आकड्यातून निघतं. भिंती, काच आणि नोझलवरून येणारा परका प्रकाश हवेच्या सिग्नलच्या १० टक्के धरा. मग गाभ्यातलं गुणोत्तर १३.५ भागिले १ न राहता १३.६ भागिले १.१ होतं, म्हणजे १२.३६. त्यातून १ वजा करून १२.५ ने भागलं की ०.९१. तुमच्या कडेच्या हवेला ही चूक दिसत नाही, कारण तिथे अंश आणि छेद दोघांतही बॅकग्राउंड सारखंच असतं. म्हणूनच कित्येकांच्या नजरेतून ते निसटतं.

ते मोजायला हीलियम वापरा. हीलियमचं रॅले प्रकीर्णन नायट्रोजनच्या सुमारे सत्तराव्या भागाइतकं असतं, त्यामुळे हीलियमने भरलेल्या पेटीचं चित्र म्हणजे जवळपास नुसतं बॅकग्राउंड. मात्र को-फ्लोमधून हीलियम सोडू नका; ७ घनमीटरचा सिलिंडर दहा मिनिटांत संपेल. खालची हनीकोंब (हवा सरळ करणारी जाळी) प्लास्टिकने झाका, वरचं तोंड बंद करून तिथूनच हळूहळू हीलियम भरा, आणि खाली बारीक वाट ठेवा. हलका वायू वरून साचत खाली येतो आणि हवा खालून निघून जाते. पेटी २० लिटरची आहे, ८० ते १०० लिटर पुरतो. सिग्नल घसरायचा थांबेपर्यंत भरत राहा. २ टक्के हवा उरली तरी ती स्वतः हीलियमइतकाच सिग्नल देते. झाकण शीटच्या वाटेत आणि कॅमेऱ्याच्या नजरेत येऊ देऊ नका, नाहीतर मोजलेलं बॅकग्राउंड झाकणाचं असेल. तिसरा बिंदू म्हणून कार्बन डायऑक्साइड घ्या. बॅकग्राउंड वजा केल्यावर तो नायट्रोजनच्या २.४ पटीच्या आसपास बसला तर कॅमेरा रेषीय आहे आणि वजाबाकी बरोबर आहे.

१३.५ हा आकडासुद्धा तक्त्यातून उचलू नका. नळीच्या तोंडापासून अर्ध्या व्यासाच्या आतला, अक्षावरचा सिग्नल शुद्ध प्रोपेनचाच असतो. तुमच्या फिल्टरसाठी आणि तुमच्या ध्रुवीकरणासाठी खरं गुणोत्तर तिथे मिळतं.

मोठा लेझर नको. तुमचे फोटॉन मोजूया. ३०० मिलिज्यूलमध्ये ५३२ नॅनोमीटरचे ८ × १०^१७ फोटॉन असतात. ४० मिलिमीटर शीटमधल्या ०.१ मिलिमीटरच्या पट्टीत त्यांचा चारशेवा भाग येतो. लेन्स पकडते ०.०११ स्टेरॅडियन. नायट्रोजनचा काटकोनातला विभेदी छेद (एक रेणू त्या दिशेला किती प्रकाश फेकतो त्याचं माप) ६.१ × १०^-३२ चौरस मीटर प्रति स्टेरॅडियन धरला, तर हवेत बिन केलेल्या प्रत्येक पिक्सेलला साधारण ३,४०० फोटॉन मिळतात, आणि काचा व सेन्सरची कार्यक्षमता धरून १,७०० इलेक्ट्रॉन. हे समुद्रसपाटीचं गणित झालं. पुण्यात असाल तर तिथे हवेचा दाब सहा टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे सिग्नलही तेवढाच कमी. शॉट नॉइज (मोजणीतला न टळणारा चढउतार) ४१ इलेक्ट्रॉन, म्हणजे मोल-अंशात ०.००२. नोझलपासून वीस व्यासांवर, जिथे अक्षावर मोल-अंश ०.२३ च्या जवळ असतो, तिथे एका पिक्सेलची एका शॉटमधली चूक पावणेदोन टक्के. हे उत्तम आहे. इंटेन्सिफायर लावलात तर क्वांटम कार्यक्षमता घटेल, स्वतःचा नॉइज वाढेल आणि ठिपक्यांभोवती पसरट वलयं येतील. ज्वाळेचा उजेड नसताना त्याचा काही उपयोग नाही.

पट्टे दोन प्रकारचे असतात, आणि ते आधी ओळखावे लागतात. पट्टा चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असेल तर तो लेझरच्या प्रोफाइलचा. शॉटगणिक प्रोफाइल बदलतं, म्हणून सरासरीने भागून तो जात नाही. पट्टा झोताच्या पलीकडच्या बाजूलाच सुरू होत असेल तर झोताने किरण वाकवले आहेत. प्रोपेनचा अपवर्तनांक १.००१० च्या जवळ, हवेचा १.०००२७, एवढा फरक बारीक किरणपुंज करायला पुरतो. पहिल्या प्रकारावर उपाय असा: शीट ज्या बाजूने आत येते त्या बाजूचे, झोताच्या अलीकडचे ३० स्तंभ घ्या, प्रत्येक ओळीची सरासरी काढा आणि त्या ओळीला तिने भागा. तीस पिक्सेलच्या सरासरीचा नॉइज अर्ध्या टक्क्याखाली येतो आणि पल्सच्या ऊर्जेतला चढउतारही आपोआप निघून जातो. शीट पसरत जाणारी असेल तर किरण ओळींना समांतर नसतात; आधी चित्र किरणांच्या दिशेने फिरवून घ्या. दुसऱ्या प्रकाराला असा उपाय नाही. झोताचा अलीकडचा अर्धा भाग वापरा, पलीकडचा टाकून द्या.

एक धोका लक्षात असू द्या: या भागाकाराने को-फ्लोमधला प्रोपेनही शून्य होऊन जातो. कडेचा आकडा सुंदर दिसेल आणि खोली भरत राहील. म्हणून दुरुस्ती करण्याआधीचा कडेचा सिग्नल रोज वेगळा नोंदवा.

गाळणी

ठिपक्यांबद्दल. ते धुळीचे आहेत आणि सॉफ्टवेअरने पुसण्याआधी हवेतून काढले पाहिजेत. मायक्रॉनभर जाडीचा एक कण पिक्सेलमधल्या सगळ्या रेणूंच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश फेकतो.

ब्लोअरनंतर हेपा फिल्टर लावा, आणि हेपानंतर काहीही धूळ सोडणारं ठेवू नका. फोमची गाळणी, जुना रबरी पाइप, कागदी हनीकोंब हे सगळे हेपाच्या पुढे असतील तर हेपा लावून उपयोग नाही. अॅल्युमिनियमची हनीकोंब आणि स्टीलच्या जाळ्या, आयसोप्रोपिलने धुतलेल्या. मापनाआधी को-फ्लो अर्धा तास चालू ठेवा. प्रोपेनच्या नळीत रेग्युलेटरनंतर ०.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक इनलाइन फिल्टर हवाच. सिलिंडरचा गंज आणि तेल तिथूनच येतं.

कॅमेऱ्यासमोरच्या पार्श्वभूमीला काळं मखमल लावलं असेल तर काढा. मखमल प्रकाश छान गिळतं, पण धागे सोडतं. काळी काच तिरकी ठेवा किंवा आतून काळा केलेला खोल डबा ठेवा. शीट जुळवताना उदबत्तीचा धूर वापरत असाल तर त्या दिवशी रॅले मापन नको; तो धूर खोलीत तासन्तास तरंगतो आणि एवढा बारीक असतो की ठिपके न दिसता सगळा सिग्नलच उचलला जातो. तुमच्या कडेच्या आकड्यात त्याचाही वाटा असू शकतो.

राहिलेले ठिपके मीडियन फिल्टरने काढताना सगळं चित्र गुळगुळीत करू नका. ५ बाय ५ च्या मीडियनपेक्षा नॉइजच्या पाचपटीने वर असलेला पिक्सेलच बदला. फ्रेम टाकून द्यायच्या असतील तर सावध राहा: धूळ को-फ्लोबरोबर येते, त्यामुळे जास्त धुळीच्या फ्रेम म्हणजे जास्त हवा ओढलेल्या फ्रेम. त्या टाकल्या की सरासरी प्रोपेनकडे झुकते.

आणखी एक. प्रोपेन म्हणून घरगुती किंवा व्यावसायिक एलपीजी तर वापरत नाही ना? एलपीजी हे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण असतं. ब्यूटेनचं प्रकीर्णन प्रोपेनच्या दीडपटीहून जास्त. वर सिलिंडर रिकामा होत जातो तसा प्रोपेन आधी उडतो आणि मागे ब्यूटेन उरतं, म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं गुणोत्तर वेगळं. किमान ९९.५ टक्के शुद्धतेचा प्रोपेनच घ्या.

शुद्ध प्रोपेनही सिलिंडरमधून गार होऊन येतो. मिनिटाला २१-२२ ग्रॅम द्रव उकळायला सुमारे १२५ वॅट लागतात, ते सिलिंडरच्या अंगातूनच जातात. वायू ५ अंशांनी गार असला तर घनता आणि सिग्नल १.७ टक्क्यांनी जास्त. नोझलआधी तांब्याच्या नळीचं तीन-चार मीटरचं वेटोळं पाण्याच्या बादलीत ठेवा आणि नळीच्या तोंडाशी थर्मोकपल लावून खात्री करा. मापन सुरू करताना थर्मोकपल काढून घ्या.

शीतल_प्रवाह

एवढं सगळं करण्यापेक्षा प्रोपेनमध्ये तेलाचे तुषार सोडून ‘मी’ (Mie) प्रकीर्णन, म्हणजे थेंबांनी विखुरलेला प्रकाश, का वापरत नाही? सिग्नल हजारो पटींनी वाढेल, धुळीचा प्रश्नच उरणार नाही. नाहीतर सरळ रामन प्रकीर्णन घ्या. त्यात प्रत्येक वायूची स्वतंत्र ओळख पटते.

प्रकाशमापक

तुषारांनी झोताची रूपरेषा दिसेल, मिश्रण दिसणार नाही. १ मायक्रॉनचा थेंब हवेत विसरण पावत नाही म्हटलं तरी चालेल. त्याचा श्मिट अंक (श्यानता आणि विसरणाचं गुणोत्तर) पाच लाखांच्या घरात जातो, प्रोपेनचा दीडच्या आसपास. रेणू मिसळून गेलेले असतात आणि थेंब मात्र जुन्या धाग्यातच बसलेले असतात. दुसरं कारण मोजणीचं. तुमच्या एका पिक्सेलमागचं आकारमान ०.००३ घनमिलिमीटर आहे. घनसेंटिमीटरला दहा लाख थेंब सोडले तरी त्यात सरासरी तीनच थेंब येतात, म्हणजे निव्वळ संख्येच्या चढउताराने ५८ टक्के नॉइज. सरासरी क्षेत्रासाठी ही पद्धत ठीक आहे, चढउतारांसाठी नाही.

रामन प्रकीर्णन रॅलेच्या साधारण हजारपट क्षीण असतं. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात पकडलेला तो प्रकाश एका बिंदूवर किंवा एका रेषेवर, ज्यूलभर ऊर्जा ओतून मोजता येतो. ४० मिलिमीटरच्या शीटवर तुमच्या पिक्सेलला एक-दोन इलेक्ट्रॉन मिळतील. इथे वायू दोनच आहेत, तापमान आणि दाब एकसारखे आहेत, तेव्हा ओळख पटवायची गरजच नाही. १९८४ मध्ये पिट्स आणि काशिवागी यांनी रॅले प्रकीर्णनाने वायूंच्या मिश्रणाची मापनं मांडली तीही याच बळावर: दोन वायू, एक अज्ञात, एक सिग्नल.

नोझल_५मिमी

सर्वांचे आभार. प्रोपेन बंद करून पाहिलं. कडेचा आकडा दोन मिनिटांत ०.००८ वरून ०.००५ वर आला आणि तिथेच थांबला. म्हणजे काही भाग खरंच गॅस होता. एक्झॉस्ट बाहेर काढेपर्यंत प्रोपेन बंद ठेवला आहे. उरलेला ०.००५ कशाचा? आणि गॅसशिवाय तोपर्यंत काय करता येईल?

प्रकाशमापक

बरं केलंत. ०.००५ म्हणजे हवेच्या सिग्नलमध्ये सहा टक्क्यांची वाढ. सकाळच्या सरासरीने दुपारच्या फ्रेमला भागता आहात, तेव्हा पहिला संशय लेझरच्या ऊर्जेवर. शीटच्या आधी काचेच्या चकतीने थोडा प्रकाश फोडून ऊर्जामापकावर पल्सगणिक नोंद ठेवा. चकतीवरचं परावर्तन ध्रुवीकरणावर अवलंबून असतं, म्हणून ती हाफ-वेव्ह प्लेटच्या (ध्रुवीकरण फिरवणाऱ्या चकतीच्या) आधी, लेझरच्या बाजूला लावा, नंतर नाही.

ध्रुवीकरणही एकदा तपासाच. शीट आडवी जाते आणि कॅमेराही आडव्यातच काटकोनात आहे, म्हणून विद्युतक्षेत्र उभं हवं. हाफ-वेव्ह प्लेट फिरवत न्या. ध्रुवीकरण कॅमेऱ्याकडे तोंड करून आलं की रॅले सिग्नल एक-दीड टक्क्यापर्यंत पडतो. तेव्हा चित्रात जे चमकत राहतं ते परकं आहे आणि नेमकं कुठून येतं तेही दिसतं: काचेची कड, नोझलचा ओठ, पलीकडची भिंत. आकडा मात्र यातून घेऊ नका, परावर्तनंही ध्रुवीकरणाबरोबर बदलतात, आकड्यासाठी हीलियमच.

डार्क फ्रेम घेताना लेन्सवर झाकण नको. फ्लॅशलॅम्प चालू, क्यू-स्विच बंद, खोलीत मापनाच्या वेळेचाच अंधार. तुमचा एससीमॉस रोलिंग शटरचा असेल तर एक्स्पोजर रीडआउटपेक्षा मोठं ठेवा, म्हणजे १० मिलिसेकंदांहून जास्त, आणि सगळ्या ओळी उघड्या असताना पल्स सोडा. नाहीतर चित्राचा वरचा भाग एका पल्सचा आणि खालचा रिकामा.

शीट आत येते आणि बाहेर जाते त्या काचा ब्रूस्टर कोनात, ५६ अंशांवर, आणि पेटीपासून अर्धा मीटर लांब, काळ्या नळीच्या टोकाला. नळीत दोन-तीन पडदे, छिद्र शीटपेक्षा जेमतेम मोठं. शीटची खालची धार नोझलच्या ओठाला लागू देऊ नका. शीट बनवणाऱ्या लेन्सच्या आधीच ब्लेडने ती कापा आणि ओठापासून निदान २ मिलिमीटर वर ठेवा. ३०० मिलिज्यूलला कापलेल्या प्रकाशासाठीही बीम डंप लागतो आणि ५३२ ला किमान ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी) ७ चे गॉगल सगळ्यांच्या डोळ्यांवर.

गॅसशिवाय थांबायची गरज नाही. कार्बन डायऑक्साइड लावा. त्याचा रेणुभार ४४.०, प्रोपेनचा ४४.१. घनता तीच, त्यामुळे त्याच वेगाला झोताचा संवेग तोच आणि मिश्रणाची सरासरी जवळपास तीच, आणि पेटायचा प्रश्न नाही. फक्त हवेशी फरक १.४ पटीचाच असल्याने वीस व्यासांवर एका पिक्सेलची चूक पावणेदोनऐवजी नऊ टक्क्यांवर जाते. सरासरी काढायला ते पुरेसं आहे. बंद खोलीत तोही साचतो, तेव्हा खिडकी उघडी आणि मीटर चालू.

कार्बन डायऑक्साइडवर हे तपासा: मोल-अंशाचा वस्तुमान-अंश करून घ्या, अक्षावरच्या वस्तुमान-अंशाचा व्यस्त अंतराबरोबर सरळ रेषेत वाढला पाहिजे. अर्ध्या मूल्याची त्रिज्या अंतराच्या दशांशापेक्षा किंचित जास्त यावी. या दोन्हींत बॅकग्राउंड चुकलं की रेष वाकते. मग प्रोपेनवर या आणि अक्षावरचे चढउतार बघा: वीस व्यासांपुढे त्यांचं सरासरीशी प्रमाण ०.२३ च्या आसपास स्थिरावतं. त्याहून बरंच जास्त आलं तर धूळ उरली आहे. कमी आलं तर शीट जाड आहे. वीस व्यासांवर तुमच्या झोतातले सगळ्यात बारीक थर ०.४ मिलिमीटरचे आहेत, म्हणून ०.३ च्या पुढे शीट जाऊ देऊ नका. जाडी मोजायला शीटच्या वाटेत उभं ब्लेड मायक्रोमीटरवर २० मायक्रॉनच्या पावलांनी सरकवा आणि मागे उरलेली ऊर्जा नोंदवत जा, ऊर्जा अगदी कमी करून, आणि झोताच्या अक्षापाशीच. शीटची कंबर (सगळ्यात पातळ जागा) अक्षावर नसेल तर कागदावरचा ०.३ काही कामाचा नाही.

गाळणी

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेताना सायफन नळी नसलेला मागा. सायफनवाला द्रव बाहेर काढतो आणि रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो. त्याचे कण झोतात आले की पुन्हा तेच ठिपके, फक्त या वेळी झोताच्या मधोमध.